‘आंबेडकर’ आडनाव : उगम, प्रसार आणि आजची गणती

१४ एप्रिल जवळ आला की आणि पुन्हा ७ नोव्हेंबरच्या विद्यार्थी दिनाला तोच मजकूर मोबाइलवर फिरू लागतो. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात म्हटलेले असते की बाबासाहेबांचे आडनाव हे ब्राह्मण गुरुजींनी दिलेले दान आहे, तेव्हा ब्राह्मणांचे उपकार मान्य करा. दुसऱ्यात म्हटलेले असते की असे गुरुजी कधी नव्हतेच, सगळी बनवाबनवी आहे. अनेक तरुण मित्र आम्हाला विचारतात की यातले खरे काय. सोबत आणखी एक प्रश्न येतो: आंबेडकर आडनावाची माणसे एकूण आहेत तरी किती, आणि ती सगळी बाबासाहेबांच्या नात्यातली का? या दोन्ही प्रश्नांबद्दल हाती असलेली माहिती आम्ही येथे एकत्र मांडत आहोत.

सकपाळ आणि आंबडवे

बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले हे लहानसे गाव आहे. १२ फेब्रुवारी २०२२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी या गावाला भेट दिली, त्यामुळे अलीकडे ते अनेकांना माहीत झाले. घराण्याचे कुळाचे आडनाव सकपाळ. आजोबा मालोजी सकपाळ, वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ. आंबडव्यात राहिलेल्या भावबंदांचे आडनाव आजही सकपाळच आहे.

मग एकाच घराण्याची दोन आडनावे कशी झाली? कोकणची रीत माहीत असेल तर यात नवल वाटत नाही. तिथे माणसाला एक कुळाचे आडनाव असते आणि गाव सोडून बाहेर पडला की दुसरे, गावाच्या नावाला ‘कर’ लावून तयार झालेले. गावात असताना कोणी कोणाला ‘आंबडवेकर’ म्हणणार नाही, कारण तिथे सगळेच आंबडव्याचे. पलटणीत, छावणीत, मुंबईच्या चाळीत मात्र ‘हा कुठला?’ हाच पहिला प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर पुढे आडनाव होऊन बसते. सुभेदार रामजींचे कुटुंब तर पलटणीबरोबर फिरणारे. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महू छावणीतला. पेन्शन झाल्यावर कुटुंब काही काळ दापोलीला राहिले आणि नंतर साताऱ्याला आले. गावापासून इतक्या लांब राहणाऱ्या कुटुंबाने गावाचे नाव आडनाव म्हणून लावले, यात वेगळे काही नव्हते. आई भीमाबाई यांच्या माहेरचे लोकही मुरबाडकर म्हणून ओळखले जात, ते ठाणे जिल्ह्यातील मुरबाडवरूनच.

‘कर’ हा प्रत्यय कोणा एका जातीचा नाही, हे येथे नीट लक्षात घ्यावे. कोकणात ब्राह्मण, मराठा, कुणबी, भंडारी, महार, चांभार अशा सगळ्यांत ‘कर’ आडनावे आहेत. कोकणी मुसलमानांत पारकर, मजगावकर आहेत. रायगडच्या किनाऱ्यावरच्या बेने इस्राएल ज्यूंमध्ये पेणकर, रोहेकर, किहिमकर, दिवेकर आहेत. त्यांचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल किहिमकर यांचे आडनाव अलिबागजवळच्या किहीम गावावरून आले. ज्यूसुद्धा ‘कर’ होतो तिथे ‘कर’वरून जात ओळखता येते असे समजणारा माणूस कोकणात फसणारच.

सकपाळ आडनावाचेही तसेच. ते बौद्धांत आहे, मराठ्यांतही आहे. जाधव, मोरे, शिंदे, गायकवाड, पवार ही आडनावे दोन्ही समाजांत आहेत, हे आपल्यापैकी प्रत्येकाला कॉलेजात किंवा नोकरीत कधी ना कधी जाणवलेले असते. समोरचा आडनाव ऐकून थबकतो आणि मग विचारतो, ‘म्हणजे कुठले?’ बाबासाहेबांनी या सारखेपणाकडे गंभीरपणे पाहिले होते. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात त्यांनी मराठे आणि महार यांची कुळे व देवके सारखी असल्याचा आधार घेतला आणि अस्पृश्यता वंशभेदातून जन्मली हा सिद्धांत खोडून काढला. आडनावांचा अभ्यास म्हणजे रिकामटेकड्यांची करमणूक, असे कोणी म्हणाले तर त्याला हे उदाहरण सांगावे.

साताऱ्याचे रजिस्टर

आता वादाच्या मुद्द्याकडे येऊ. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, नऊ वर्षांच्या भिवाने इंग्रजी पहिलीत प्रवेश घेतला. शाळेच्या रजिस्टरमध्ये क्रमांक १९१४ समोर ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे. हे रजिस्टर शाळेने जपून ठेवले आहे. २०१७ पासून महाराष्ट्र शासन हाच दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते.

आंबडवेकराचे आंबेडकर कसे झाले, याचा खुलासा खुद्द बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत केला आहे. वडिलांनी दिलेले गावाचे आडनाव ते ‘आंबावडेकर’ असे सांगतात. शाळेत आंबेडकर आडनावाचे एक मास्तर होते. त्यांना ते आडनाव उच्चारायला अवघड आणि बोजड वाटले. त्यापेक्षा माझे सुटसुटीत आडनाव लाव, असे ते म्हणाले आणि त्यांनी तशी नोंद करून टाकली. हे मास्तर मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातली भाजीभाकरी भिवाला देत, हेही बाबासाहेबांनीच सांगितले आहे. पुढे गोलमेज परिषदेला निघताना या मास्तरांचे प्रेमाचे पत्र आले आणि ते आपण जपून ठेवले, असा उल्लेखही त्यांनी केला आहे.

‘असे मास्तर नव्हतेच’ म्हणणाऱ्यांना आमचे उत्तर सरळ आहे. ही हकीकत सांगणारा माणूस कोण आहे ते पाहा. ज्याने मनुस्मृती जाळली, ज्याने कोणाचीही भीड ठेवली नाही, त्याला एक ब्राह्मण मास्तर कल्पनेतून उभा करण्याचे कारण काय? धनंजय कीर यांचे चरित्र १९५४ साली प्रसिद्ध झाले आणि त्यातही ही हकीकत आहे. तेव्हा बाबासाहेब हयात होते. चुकीचे छापले गेले तर ते गप्प बसणारे नव्हते. या मास्तरांचे नाव अनेक ठिकाणी कृष्णाजी केशव आंबेडकर असे दिले जाते. त्या तपशिलावर अभ्यासकांनी जरूर वाद घालावा. पण नावाच्या तपशिलावरून वाद आहे म्हणून मूळ आठवणच खोटी ठरत नाही.

आणि ‘उपकार माना’ म्हणणाऱ्यांना आमचे उत्तर आणखी सरळ आहे. एका शिक्षकाने एका मुलाला माया लावली आणि त्या मुलाने मोठेपणी ती कृतज्ञतेने सांगितली. हे त्या दोघांमधले आहे, त्याचा हिशोब कोणत्याही जातीच्या खात्यावर मांडता येत नाही. मांडायचाच असेल तर त्याच साताऱ्यातल्या बाकीच्या नोंदीही मांडाव्या लागतील. वर्गात बसायला भिवाला घरून गोणपाटाचा तुकडा न्यावा लागे. शाळेतला शिपाई नसेल त्या दिवशी पाणी मिळत नसे. गावातला न्हावी केस कापत नसे, म्हणून थोरली बहीण भावाचे केस कापत असे. या गोष्टी बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये स्वतः लिहून ठेवल्या आहेत.

याच कारणाने आम्हाला तिसरा एक दावाही पटत नाही. जात लपवण्यासाठी सुभेदार रामजींनी सकपाळ सोडून गावाचे आडनाव लावले, असे काही लेखांत वाचायला मिळते. सकपाळवरून जात कळतच नव्हती, कारण मराठ्यांतही सकपाळ आहेत, मग लपवायचे काय? आणि आडनाव बदलूनही वर्गातली जागा बदलली नाही, हे वर आलेच आहे.

भूगोलाची एक गंमत येथे नोंदवतो. आंबडवे मंडणगड तालुक्यात आहे. त्याच रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वर तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गालगत आंबेड नावाची गावे आहेत, आंबेड बुद्रुक आणि आंबेड खुर्द. कोकणच्या रीतीने आंबेडचा माणूस तो आंबेडकर. म्हणजे हा शब्द मराठीत नियमाने घडलेला, आधीपासून वापरात असलेला आहे. तो कोणी नव्याने बनवला नाही. आंबडव्याच्या सकपाळांना मात्र तो साताऱ्याच्या शाळेतून मिळाला. नाव एकच, मुळे दोन. इंटरनेटवर ‘आंबेडकर हे मूळचे अमुक जातीचे आडनाव’ अशी वाक्ये दिसतात, ती या गोंधळातून आलेली आहेत.

इतके दुर्मीळ का?

नाव जगभर माहीत, पण आडनाव म्हणून ते लावणारी घरे फार थोडी, ही या आडनावाची खासियत आहे. कारण त्याच्या जन्मातच आहे. कांबळे, गायकवाड, मेश्राम, वानखेडे, रामटेके, गजभिये, खोब्रागडे ही आडनावे शेकडो गावांतल्या हजारो घराण्यांची आहेत. ती पिढ्यान्‌पिढ्या पसरली. आपल्याकडचे आंबेडकर आडनाव एका घरापासून सुरू झाले. १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झालेला विद्यार्थी भीमराव रामजी आंबेडकर याच नावाने गेला. १९१६ साली जातिसंस्थेवरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध याच नावाने वाचला गेला. पुढे ते कधी सकपाळकडे परतले नाहीत. यशवंतराव ऊर्फ भय्यासाहेब (१९१२-१९७७) आणि त्यांची मुले प्रकाश, भीमराव, आनंदराज यांनी हेच आडनाव पुढे नेले. बाबासाहेबांच्या पुतण्यांच्या घरातही ते आले, मुकुंदराव आंबेडकर हे त्यातले परिचित नाव. सार्वजनिक जीवनात आपण ऐकतो ते आंबेडकर मुख्यतः याच परिवारातले.

त्यात आसपासची आडनावे घोटाळा करतात. आंबेकर वेगळे, आंबेरकर वेगळे. विदर्भातले अंबाडकर वेगळे. मुंबईत नायगाव-परळ भागात गं. द. आंबेकर मार्ग आहे. हे कामगार पुढारी आंबेकर. जवळूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग जातो. दोन्ही नावांची गल्लत करणारे टॅक्सीवाले आणि आता मोबाइलचे नकाशेही आम्ही पाहिले आहेत.

गणती कशी होते, आणि का फसते

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात ८४ लाख ४२ हजार ९७२ बौद्ध होते. त्यांपैकी ६५ लाख ३१ हजार २०० महाराष्ट्रात. धर्माची संख्या अशी अगदी एककापर्यंत मिळते, पण आडनावांची मिळत नाही. आपल्या जनगणनेत घरातल्या माणसांची नावे लिहून घेतात, परंतु आडनावांचे तक्ते प्रसिद्ध होत नाहीत. अमेरिकेचा जनगणना विभाग शंभर किंवा त्याहून जास्त वेळा आलेल्या आडनावांची यादी जाहीर करतो, तसे आपल्याकडे काही नाही. जगातल्या आडनावांची संख्या सांगणारी काही संकेतस्थळे भारताचेही आकडे देतात. ते सरकारी गणतीचे आकडे नव्हेत, मिळतील त्या याद्यांवरून बांधलेले अंदाज असतात.

आंबेडकर या नावापुरते हे अंदाज आणखी एका कारणाने फसतात, आणि हा भाग आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. महाराष्ट्राबाहेर, विशेषतः तामिळनाडू, आंध्र आणि तेलंगणात, ‘आंबेडकर’ हे मुलाचे पाळण्यातले नाव असते. आपण मुलाचे नाव भीमराव किंवा सिद्धार्थ ठेवतो, तसे तिकडचे आईवडील थेट ‘आंबेडकर’ ठेवतात. तमिळ प्रथेत आडनाव नसते, वडिलांच्या नावाचे आद्याक्षर असते. पासपोर्ट काढताना, परदेशी विद्यापीठाचा अर्ज भरताना मात्र आडनावाची चौकट भरावी लागते. मग आंबेडकर नावाच्या वडिलांच्या मुलीच्या कागदावर ‘आंबेडकर’ हे आडनाव म्हणून येते. ती मुलगी सकपाळांची नाही, आंबडव्याची नाही, साताऱ्याच्या मास्तरांची तर नाहीच. तरी उद्या कोणी संगणकावर आकडे काढले तर ती आंबेडकर आडनावाची म्हणून मोजली जाईल. गणती करणाऱ्याला यात चूक दिसेल. आम्हाला यात या आडनावाचा खरा प्रसार दिसतो. एका घरात जन्मलेले आडनाव रक्ताच्या नात्याशिवाय दक्षिणेतल्या घरांत पोचले.

लेखनभेदही आहेतच. तमिळ लिपीतले रूप आपल्या कानाला ‘अंबेत्कर’सारखे लागते आणि त्यावरून इंग्रजी अक्षरेही बदलतात. हिंदीत पिढ्यान्‌पिढ्या ‘अम्बेडकर’ किंवा ‘अंबेडकर’ लिहिले गेले. मार्च २०१८ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने सर्व कागदपत्रांत ‘भीमराव रामजी आंबेडकर’ असे पूर्ण नाव लिहिण्याचा आदेश काढला. तत्कालीन राज्यपाल राम नाईक यांनी त्याचा आग्रह धरला होता. ‘आ’ची दुरुस्ती मराठी माणसाला योग्यच वाटेल. वडिलांचे नाव मधे लिहिणे ही आपली रोजची पद्धत आहे. पण उत्तर प्रदेशात कोणाच्याही नावात वडिलांचे नाव लिहीत नाहीत, आणि तिथे ‘रामजी’ एवढाच शब्द ठळक करून दाखवण्यामागे राजकारण आहे असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. तो आक्षेप आम्हाला गैरवाजवी वाटत नाही.

संस्था, जिल्हे, विद्यापीठे यांना दिलेल्या नावांचा इतिहास हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. १९७८ च्या विधिमंडळ ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत मराठवाड्यात या एका नावासाठी काय सोसावे लागले, हे येथे नव्याने सांगण्याची गरज नाही. २०२२ च्या मे महिन्यात आंध्रातील कोनसीमा जिल्ह्याला हे नाव देण्याच्या विरोधात अमलापुरम येथे जाळपोळ झाली. जिल्ह्याला नाव मात्र दिले गेले.

आज आडनाव बदलणाऱ्यांसाठी

धम्मदीक्षेनंतर अनेकांनी आडनावे बदलली. काहींनी गावावरून घेतली, काहींनी गौतम, बौद्ध अशी नावे लावली, काहींनी अभिमानाने आंबेडकर लावले. उत्तरेत ‘गौतम’ आणि ‘बौद्ध’ जास्त दिसतात. बाबासाहेबांचे आडनाव इतरांनी लावावे का, यावर आपल्यात दोन मते आहेत. हे नाव जसे बाबासाहेबांकडे आले ते पाहता त्यावर मालकी सांगणे कोणालाच शोभणार नाही, असे आम्हाला वाटते. परंतु नात्याचा खोटा दावा करून निवडणुकीत किंवा वर्गणी गोळा करताना ते वापरणे, हे दिसताच थांबवले पाहिजे.

बदल करायचा असेल तर कागद नीट करा. महाराष्ट्रात नावातील बदल शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये प्रसिद्ध होतो. त्यात जुने नाव आणि नवे नाव दोन्ही छापले जाते. राजपत्राच्या त्या पानाची प्रत आयुष्यभर जपायची, कारण जात पडताळणीच्या वेळी हाच कागद दोन आडनावांमधला दुवा असतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा पाहतात. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूच्या नोंदीची म्हणजे कोतवाल बुकाची नक्कल, आणि तिथे बहुधा जुनेच आडनाव असते. मुलाच्या दाखल्यावर वेगळे आडनाव, आजोबांच्या दाखल्यावर वेगळे, आणि मधला कागद हरवलेला, अशी प्रकरणे त्रुटीत अडकून पडतात. इंजिनिअरिंगची, मेडिकलची जागा हातची जाते ती यामुळे. सकपाळ, आंबडवेकर आणि आंबेडकर अशी तीन आडनावे घेऊन सुभेदार रामजी आजच्या समितीपुढे उभे राहिले असते, तर त्यांनाही त्रुटीपत्र मिळाले असते!

म्हणून आडनाव बदलण्याआधी घरातले जुने कागद शोधा आणि त्यांच्या साक्षांकित नकला करून ठेवा. जुने आडनाव, ते कधी व कुणी बदलले आणि मूळ गाव कोणते, एवढे घरातल्या वयस्क माणसाकडून तारखेसह लिहून घ्या. कोकणातल्या घरांनी कुळाचे आडनाव आणि गावावरचे आडनाव अशी दोन्ही लिहावीत, कारण तलाठ्याकडच्या जुन्या दप्तरात पहिले सापडते आणि मुंबईच्या शाळेच्या दाखल्यावर दुसरे.